नांगराच्या तासाखालचा कर्ब

जमीन आरोग्य पत्रिका आता बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात कुठेतरी सापडते: सातबाऱ्याच्या पिशवीत, नाहीतर कृषी सेवा केंद्राच्या कॅलेंडरामागे खोचलेली. केंद्र सरकारने २०१५ साली ही योजना सुरू केली. पत्रिकेतल्या बारा घटकांपैकी नत्र, स्फुरद, पालाश यांच्याकडे माणूस पहिल्यांदा बघतो, कारण खताच्या गोण्या त्यावरून ठरतात. सामूकडेही नजर जाते. सेंद्रिय कर्बाच्या रकान्यात मात्र ०.३८ किंवा ०.४५ असा काहीतरी आकडा असतो, पुढे ‘कमी’ असा शेरा असतो आणि बघणारा पान उलटतो. या पुस्तकाचा सगळा पसारा त्या दुर्लक्षित आकड्याभोवती आहे. तो कशाने घटतो, कशाने वाढतो, नांगरट थांबवली तर त्यात किती फरक पडतो आणि दोन पिकांच्या मधल्या काळात रान झाकून ठेवले तर किती, एवढेच प्रश्न इथे आहेत. उत्तरे मात्र एवढीशी नाहीत.

आधी त्या आकड्याचे वजन करून बघू. एक हेक्टर रानातली वरची पंधरा सेंटिमीटर माती म्हणजे साधारण दोन हजार टन. तिच्यातला कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ वर न्यायचा, म्हणजे दोन टन निव्वळ कर्ब मातीत टिकवायचा. दहा टन शेणखत टाकले, तर त्यात निम्मे पाणी असते. उरलेल्यात थोडी मातीही असते. कर्ब जेमतेम दीड टन निघतो. त्यातला मोठा भाग वर्षभरात जिवाणू आणि बुरश्या खाऊन टाकतात आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. मागे उरते ते थोडे. दरवर्षी दहा टन शेणखत घालणारा शेतकरी आज शोधावा लागतो, आणि तो सापडला तरी दशांश बिंदूपुढचा एक आकडा हलवायला त्याची कित्येक वर्षे जातात. एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणाऱ्या द्रावणांच्या जाहिराती वाचताना हा हिशेब जवळ ठेवावा. ०.४ चे ०.८ करायचे तर हेक्टरी आठ टन कर्ब लागतो. एक लिटरच्या बाटलीत आठ टन मावत नाहीत.

आकडा येतो कसा, हेही बघायला हवे. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ सालची पद्धत वापरतात. चाळलेल्या मातीवर पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल ओतायचे. आम्लाच्याच उष्णतेने कर्ब जळतो आणि किती डायक्रोमेट खर्ची पडले त्यावरून कर्ब काढायचा. यात सरासरी तीन-चतुर्थांशच कर्ब जळतो, म्हणून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. पद्धत स्वस्त आहे आणि आपल्या चुनखडीच्या रानांना तिचा एक फायदाही आहे: चुनखडीतला कर्ब ती मोजत नाही. मातीतला सगळा कर्ब जाळून मोजणारी महागडी यंत्रे मात्र आम्ल घालून चुना आधी घालवला नाही तर चुनखडीलाच सेंद्रिय समजून बसतात, आणि मराठवाड्यातली एखादी निकस जमीन कागदावर कसदार दिसू लागते. शिवाय नमुना शेणखत पसरल्यावर घेतला की आधी, बांधाकडेला घेतला की मधोमध, यावरही आकडा हलतो. हे हलणे बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठे असते.

मातीतला कर्ब म्हणजे गळका हौद. वरून पाणी पडत राहते, खालून गळत राहते, आणि पातळी कुठे स्थिरावेल ते दोन्हींच्या वेगावर ठरते. वरून येणारी धार एकच: हिरव्या पानाने उन्हात हवेतून ओढलेला कर्ब. तो पालापाचोळ्यातून येतो, मुळांतून येतो, मुळांनी जिवंतपणी मातीत सोडलेल्या साखरी रसांतून येतो. शेणखतही शेवटी जनावराच्या पोटातून आलेले पानच. पूर्वी अशी समजूत होती की कुजताना काही चिवट, गुंतागुंतीचे रेणू तयार होतात आणि ते कोणाला खाता येत नाहीत म्हणून टिकतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती मागे पडली. खाता न येण्यासारखे मातीत फार थोडे असते. टिकतो तो कर्ब बहुतांशी दोन कारणांनी: चिकणमातीच्या कणांना तो घट्ट चिकटलेला असतो, किंवा मातीच्या बारीक रवाळ कणगटांच्या पोटात अडकल्यामुळे जिवाणूंना तिथवर पोचता येत नाही. चिकटणाऱ्यात मेलेल्या जिवाणूंचा वाटा मोठा असतो. मुळांतून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा जास्त टिकतो, तो याचमुळे. तो जिथे टिकायचे तिथेच जन्मतो.

आता नांगर. महाराष्ट्रात नांगराविषयी लिहिताना किर्लोस्करांना वळसा घालता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनवला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती होती. पुढे हाच नांगर प्रगतीची खूण झाला आणि १९१० मध्ये त्याच्याभोवती किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती भीती खोटी होती यात शंका नाही. लाकडी नांगर माती ओरखडत होता, लोखंडी नांगराने ती उलथली. हरळी आणि कुंदा यांनी खाल्लेली काळी राने या खोल नांगरटीनेच पुन्हा वहितीखाली आली, हे उपकार विसरून नांगराला खलनायक करणे बरे नाही. कोळपणीचेही तसेच. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की ओल त्यांतून उडून जाते. कोळपे त्या भेगा बुजवते. दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी, असे जुने शेतकरी सांगतात ते उगाच नव्हे. सोलापूरला १९३३ साली सुरू झालेल्या कोरडवाहू संशोधनातून जी शिफारस पुढे आली, तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत आणि वारंवार कोळपणी यांच्या जोडीला दर तीन वर्षांनी एक खोल नांगरट होती. तीन वर्षांनी. दरवर्षी नांगर, मग कल्टिव्हेटर, मग रोटाव्हेटर हे त्या शिफारशीत नव्हते. ते ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागल्यावर आले.

नांगर कर्बाचे काय करतो? कणगटे फोडतो, म्हणजे आत अडकलेला कर्ब जिवाणूंच्या पुढ्यात येतो. हवा खेळवतो. धसकटे आणि पालापाचोळा खाली गाडतो. रान उघडे टाकतो, म्हणजे मेमधले ऊन आणि जूनमधला वळीव थेट मातीवर. रोटाव्हेटर तर कणगटांची पूड करतो आणि पुडीवर पहिला जोराचा पाऊस पडला की पृष्ठभाग चिकटून बंद होतो, पाणी मुरण्याऐवजी वाहते. वाहणारे पाणी नेते ती वरची दोन बोटे माती, आणि सगळ्यांत जास्त कर्ब असतो तोही त्याच दोन बोटांत.

अमेरिकेत १९३०च्या दशकात मध्य मैदानांतली नांगरलेली माती धुळीच्या वादळांत उडाली आणि नांगराविषयी पहिल्यांदा मोठ्याने शंका घेतली गेली. एडवर्ड फॉकनर यांनी १९४३ साली नांगर हीच चूक आहे असे सांगणारे पुस्तक लिहिले आणि ते गाजले. पण नांगर सोडला तर तणांचे काय, याचे उत्तर तेव्हा नव्हते. ते तणनाशकांनी दिले. १९६२ मध्ये केंटकीतल्या हॅरी यंग यांनी न नांगरता मका पेरला. दहा वर्षांनी ब्राझीलच्या पाराना राज्यात हर्बर्ट बार्ट्झ यांनी तेच केले, आणि तिथून दक्षिण अमेरिकेची लाखो हेक्टर राने विना नांगरणीची झाली. म्हणजे ज्या पद्धतीला आज पर्यावरणस्नेही म्हणून मिरवतात, तिची पाळेमुळे रसायनाच्या कारखान्यात आहेत. यात उपहास नाही. पण विना नांगरणी म्हणजे नैसर्गिक शेती असा घोटाळा आपल्याकडच्या शिबिरांत सर्रास होतो, म्हणून सांगितले.

कर्बाचा मुद्दा नंतर आला, आणि इथे गोष्ट खरी रंगते. १९९० नंतर हवामानबदलाची चर्चा वाढली तशी विना नांगरणीच्या आणि नांगरटीच्या शेजारशेजारच्या रानांतली माती मोजायला सुरुवात झाली. वेस्ट आणि पोस्ट यांनी २००२ साली जगभरचे ६७ दीर्घकालीन प्रयोग एकत्र केले. नांगरट थांबवली तर वर्षाला हेक्टरी अर्ध्या टनाहून थोडा जास्त कर्ब साठतो, असा निष्कर्ष निघाला. लगोलग शिकागोच्या बाजारात न नांगरणाऱ्या शेतकऱ्यांच्या नावाने कर्बाची पत (कार्बन क्रेडिट) विकली जाऊ लागली. मग २००७ मध्ये बेकर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला: माती किती खोलवर मोजलीत? बहुतेक प्रयोगांत वरची तीस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. जिथे त्याखाली खणले होते तिथे विना नांगरणीचा फायदा बहुधा नाहीसा झाला होता.

कारण कळल्यावर ते इतके उघड वाटते की आधी कोणाला सुचले कसे नाही याचेच नवल वाटावे. नांगर धसकटे वीस-पंचवीस सेंटिमीटर खाली गाडतो; तिथे कर्ब वाढतो आणि वर कमी होतो. न नांगरलेल्या रानात सगळे वरच पडते, म्हणून वरचा थर कर्बाने भरतो आणि खालचा उपाशी राहतो. वरवर खणणारा माणूस न नांगरलेल्या रानाची श्रीमंती मोजतो आणि नांगरलेल्या रानाची गाडलेली पुंजी त्याच्या हाती लागत नाही. दुसरी मेख घनतेची. नांगरलेली माती भुसभुशीत असते. म्हणून दोन्ही रानांत सारख्याच खोलीपर्यंत नळी घातली, तर नांगरलेल्या रानातून कमी वजनाची माती येते आणि कर्बही कमी भरतो. तुलना सारख्या खोलीची नको, सारख्या वजनाची हवी. २०१० साली ६९ प्रयोगांचा पुन्हा आढावा घेतला गेला आणि निष्कर्ष तोच निघाला: नांगरट थांबवल्याने कर्ब मुख्यतः जागा बदलतो, एकूण साठा फारसा वाढत नाही. २०१४ मध्ये पॉलसन आणि सहकाऱ्यांनी तर विना नांगरणीकडून हवामानाच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नयेत असे स्पष्ट लिहिले.

मग नांगरट थांबवणे व्यर्थ आहे का? मुळीच नाही. वरच्या पाच सेंटिमीटरमधला कर्ब पाऊस मुरवतो, पापुद्रा धरू देत नाही, माती वाहू देत नाही. डिझेलचा खर्च वाचतो. आपल्या पावसात, जिथे निम्मा पाऊस काही मोजक्या तासांत कोसळतो, तिथे वरचा थर सावरणे हेच पहिले काम आहे. फक्त ते काम हवेतला कर्ब जमिनीत कोंडण्याच्या नावाखाली विकू नये. नांगर मुख्यतः कर्बाची जागा ठरवतो. किती कर्ब येणार, हे मात्र वर्षातले किती महिने जमिनीत जिवंत मूळ आहे यावर ठरते. या पुस्तकाचा कल दुसऱ्या गोष्टीकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

दोन पिकांच्या मधल्या काळात रान झाकण्यासाठी घेतलेल्या पिकांवरचे आकडे या बाजूला बळ देतात. पोप्लाऊ आणि डॉन यांनी २०१५ मध्ये ३७ ठिकाणांचे प्रयोग तपासले. अशा पिकांमुळे वर्षाला हेक्टरी सरासरी ०.३२ टन कर्ब वाढल्याचे दिसले. पण खोलीचा प्रश्न इथेही पाठ सोडत नाही. त्या प्रयोगांतली सरासरी खोली होती बावीस सेंटिमीटर. कॅलिफोर्नियात डेव्हिसजवळ एकोणीस वर्षे चाललेल्या प्रयोगात दोन मीटरपर्यंत खणून बघितले. हिवाळी आच्छादन पिकाने वरच्या तीस सेंटिमीटरमध्ये कर्ब थोडा वाढला होता आणि त्याखाली त्याहून कितीतरी जास्त घटला होता. आच्छादन पिकाच्या जोडीला कंपोस्ट घातले तिथे मात्र दोन मीटरच्या सगळ्या थरांची बेरीज सुमारे साडेबारा टक्क्यांनी वाढलेली निघाली.

आपल्या मातीच्या सगळ्यांत जवळचा पुरावा हैदराबादजवळच्या पटनचेरूचा आहे. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७६ पासून तिथल्या खोल काळ्या जमिनीवर दोन पद्धती शेजारशेजारी चालवल्या. एक परंपरागत: पावसाळाभर रान पड ठेवायचे, पाळ्या घालत राहायचे आणि रब्बीत साठलेल्या ओलीवर ज्वारी किंवा हरभरा घ्यायचा. दुसरी सुधारित: रुंद सरी वरंबे, खरिपातच पेरणी, ज्वारीत तुरीसारखे कडधान्य, खताची योग्य मात्रा. चोवीस वर्षांनी एकशे वीस सेंटिमीटर खोलीपर्यंत माती तपासली. सुधारित रानात हेक्टरी ७.३ टन कर्ब जास्त होता. धान्य सुमारे पाचपट. आणि या चोवीस वर्षांत मशागत थांबली नव्हती. बैलांनी ओढायच्या अवजाराने वरंबे दरवर्षी नीट केले जात होते. कर्ब वाढला तो चार महिन्यांचे उघडे रान हिरवे झाल्यामुळे, मुळे खोल गेल्यामुळे आणि पिकाला पोटभर खत मिळाल्यामुळे.

पटनचेरूतली परंपरागत पद्धत वाचताना सोलापूर, नगर, बीड, धाराशिवकडच्या वाचकाला आपलेच शिवार आठवेल. जून ते सप्टेंबर हे कर्बाच्या दृष्टीने सोन्याचे महिने: पाणी आहे, ऊब आहे, ऊनही पुरेसे आहे. त्याच महिन्यांत रब्बीच्या मालदांडी ज्वारीसाठी राखलेले रान उघडे असते. वरून काही येत नाही आणि ओल्या उबदार मातीत जिवाणू आहे ते झपाट्याने खात राहतात. दोन्ही बाजूंनी तोटा. पण शेतकरी हे अडाणीपणाने करत नाही. भारी काळ्या रानात एक चांगला पाऊस पडला की आठ दिवस औत घालता येत नाही, वाफसा यायच्या आत दुसरा पाऊस येतो, आणि खरिपाची पेर साधली तरी ऑगस्टच्या उघडिपीत ती करपते. रब्बीची ओल हा त्याचा विमा आहे. त्या ओलीतून पाणी पिणारे आच्छादन पीक त्याला सांगायचे, तर विम्यावर हात घालतो आहोत याची जाणीव हवी. मूग, उडीद, मटकी यांसारखे साठ-सत्तर दिवसांत उरकणारे पीक सप्टेंबरच्या पावसाआधी निघाले तर जमते. उशीर झाला तर मालदांडीला फटका बसतो. पावसाचे मान कमी त्या गावांत हा धोका मोठा आहे आणि पटनचेरूचे आकडे त्यावर झाकण घालू शकत नाहीत.

ताग आणि धैंचा यांविषयीही एक गैरसमज आहे. फुलोऱ्यात गाडलेला ताग कोवळा असतो, नत्राने भरलेला असतो, दोन-तीन आठवड्यांत कुजतो. पुढच्या पिकाला त्याचा बेवड उत्तम. पण तो पटकन कुजतो याचाच अर्थ त्यातला कर्ब पटकन निघून जातो, आणि गाडण्यासाठी नांगर घालावा लागतो ते वेगळेच. उसाच्या पाचटाचे उलटे: कर्ब भरपूर, नत्र नाममात्र. म्हणून कुजताना ते जमिनीतला नत्र काही काळ ओढून घेते. खोडव्यात पाचट ठेवताना टनाला आठ किलो युरिया आणि दहा किलो सुपर फॉस्फेट घालायची शिफारस आहे ती यासाठी. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते पेटवले की एका रात्रीत हवेत जाते आणि सकाळी लोक विचारतात कर्ब का घटतो.

महाराष्ट्रात या प्रश्नांवर हात घालणारी माणसे विद्यापीठांबाहेरही आहेत. नेरळचे शेखर भडसावळे यांनी भाताची चिखलणी सोडून कायमच्या गादीवाफ्यांवर टोकणीचे सगुणा तंत्र रुजवले. त्यात भात कापल्यावर मुळे जमिनीतच राहतात. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर वर्षानुवर्षे विना नांगरणी शेतीवर लिहीत आले आहेत. कुजण्याची क्रिया रानातच, मुळांच्या जागी व्हावी हा त्यांचा आग्रह. दोघांच्या पद्धतींत तणनाशकाला जागा आहे आणि त्यावरून वादही आहेत. ते वाद या पुस्तकात टाळलेले नाहीत.

एक विषय मात्र मातीच्या शास्त्रात बसत नाही, आणि कर्बाचे भवितव्य त्याच्यावरच अडून आहे. २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कर्बबाजाराचा आराखडा जाहीर केला. कंपन्या गावात येऊन करार करू लागल्या आहेत. अशा करारात कर्ब वर्षानुवर्षे जमिनीत राहावा लागतो. नांगर पुन्हा घातला, झाकण काढले, की हौद पुन्हा जुन्या पातळीकडे उतरू लागतो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत घातलेल्या एका तुकड्यात शंभर वर्षांनीही शेजारच्यापेक्षा जास्त कर्ब होता. पण ती थंड हवेची माती. आपल्या उन्हात इतकी उसंत मिळत नाही.

आणि शेत कोणाचे? नांदेडपासून सांगलीपर्यंत कितीतरी राने आज वाट्याने किंवा खंडाने कसली जातात, बहुतेक तोंडी बोलीवर, एकेका वर्षासाठी. कडबा विकून खंड भागवायचा असतो. जनावरे कमी झाली, उरल्यासुरल्यांच्या शेणाच्या गोवऱ्या होतात. पुढच्या वर्षी हे रान आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने त्यात दहा टन शेणखत का घालावे, किंवा मुगाचा पाला विकण्याऐवजी रानात का सोडावा, याला कृषी विद्यापीठाकडे उत्तर नाही. कर्बाचा करार मालकाच्या सहीने होतो. पैसेही मालकाच्या खात्यात जमा होतात.